गाजरगवताचे निदानपरिवर्जन

पावसाळा सरता सरता आपल्या चिकित्सालयांत एक रुग्ण हमखास येतो. पापण्या सुजलेल्या, मानेवर व कोपराच्या घडीत तीव्र कंडू, त्वचा काळवंडून जाड झालेली. आपण शोधन योजतो, लेप देतो. त्यास बरे वाटते. तो पुन्हा शेतावर जातो आणि महिन्याभरात परत येतो. त्याच्या बांधावर काय उगवले आहे, हे आपण विचारतो काय?

गाजरगवत ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. सन १९५५ च्या सुमारास पुण्यात तिची नोंद झाली आणि पुढे ती देशभर पसरली. एका रोपापासून १५ ते २५ हजार बिया तयार होतात. तिच्यातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेस बाधते, तसेच शेजारच्या वनस्पतींची उगवण व वाढही रोखते. पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा ही माका, पुनर्नवा, भुईआवळी, गोखरू यांची हक्काची जागा. ती जागा गेली तर आपल्या औषधालयांना ओली द्रव्ये कोठून मिळणार? म्हणून हा प्रश्न जितका चिकित्सकाचा, तितकाच औषधनिर्मात्याचाही आहे.

उपाय आपल्याच निघंटूत आहे. दद्रुघ्न म्हणून आपण ज्यास ओळखतो तो चक्रमर्द, म्हणजे टाकळा, पावसाळ्यात दाट वाढून गाजरगवतास दडपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचे बी गोळा करावे व एप्रिल-मे महिन्यांत गाजरगवताच्या जागी फेकावे. टाकळा वर्षायू असल्याने तो वाळल्यावर ओलाव्याच्या जागी गाजरगवत पुन्हा डोके वर काढते. तेथे उपटणीस पर्याय नाही. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. ज्यांना त्याची बाधा होते त्यांना या कामापासून दूर ठेवावे. फुलापूर्वीच्या रोपांचे कंपोस्ट करता येते. मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा भुंगे सन १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आले. ते पावसाळ्यात पाने खातात, परंतु एकट्या त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

औषधालयचालकांस आमची विनंती अशी की, टाकळ्याचे बी खरेदी करताना त्यातील काही भाग पेरणीसाठी संकलकांकडेच ठेवावा. पंचांगाच्या जुड्या घेताना त्यांत गाजरगवताचे तुकडे नाहीत ना, हेही पाहावे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाभोवतालची जागा तरी स्वच्छ करावी.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपण रुग्णास नित्य सांगतो. ती पायरी या वेळी उंबरठ्याबाहेर आहे, इतकेच.