पंप घेतल्यावर हात का थरथरतात?

दमेकऱ्याच्या घरात हे रोजचंच. छातीत घरघर सुरू झाली, श्वास सोडताना शिटी वाजू लागली की उशाखालचा निळा पंप काढायचा, खालीवर हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा आणि फवारा सावकाश आत ओढायचा. पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते. मग कुणीतरी गरम चहा आणून देतं आणि कप उचलताना तो बशीवर खुळखुळतो. बोटं बारीक थरथरत असतात, छातीत धडधडत असतं. घरचे घाबरतात, ‘औषध बाधलं’ म्हणतात. खरं तर औषध आपलंच काम करत असतं, फक्त ते फुप्फुसापाशी थांबलेलं नसतं.

पंपातलं सालब्युटामॉल शरीराच्या एका जुन्या यंत्रणेची नक्कल करतं. बांधावरून जाताना पायापाशी साप सळसळला, तर विचार करायच्या आधीच हृदय जोरात धावू लागतं, बाहुल्या रुंदावतात, कातडीतलं आणि आतड्यांतलं रक्त स्नायूंकडे वळतं, श्वासनळ्या सैलावतात. हे सगळं अनुकंपी म्हणजे सिंपथेटिक चेतासंस्थेचं काम. तिचा निरोप दोन रसायनं पोचवतात. चेतातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन पाझरतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन थेट रक्तात उतरतं. या निरोपाची नक्कल करणाऱ्या पदार्थांना ‘सिंपथोमिमेटिक’ हे नाव दिलं हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी, १९१० मध्ये.

तोवर ॲड्रेनॅलिन बाजारात आलंही होतं. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याच्या इंजेक्शनाने दम्याचा झटका ओसरायचा, पण रक्तदाब चढायचा आणि हृदयही बेफाम धावायचं. शिवाय एक कोडं होतंच. हेच रसायन कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि श्वासनळ्या मात्र सैल करतं, हे कसं?

उत्तर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी दिलं. फरक रसायनात नाही, ते ज्या पेशीवर जाऊन बसतं तिच्यावरच्या रिसेप्टरमध्ये आहे. एका जातीला त्यांनी अल्फा म्हटलं, दुसरीला बीटा. त्यांचा हा निबंध एका नियतकालिकाने आधी साभार परत केला होता. आज औषधशास्त्राचा अर्धा संसार त्यावर उभा आहे! पुढे बीटाचेही प्रकार कळले. ढोबळमानाने सांगायचं तर अल्फा रक्तवाहिन्या आवळतात, बीटा-१ हृदयाला पळवतात आणि बीटा-२ श्वासनळीभोवतीचा स्नायू सैल करतात.

ही विभागणी पुरती उमगण्याआधी माणसांनी किंमत मोजली. आयसोप्रेनॅलिन हे औषध अल्फाला सोडून फक्त बीटाला गाठायचं, पण दोन्ही बीटांना. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याचे कडक मात्रेचे पंप विकले जाऊ लागले आणि त्याच काळात दम्याने होणारे मृत्यू वाढले. डेव्हिड जॅक यांच्या चमूने घडवलेलं, मुख्यतः बीटा-२ वरच बसणारं सालब्युटामॉल १९६९ मध्ये आलं, तेव्हा कुठे हृदयाला बरीच उसंत मिळाली. पण बीटा-२ हातापायांच्या स्नायूंवरही असतात, म्हणून कप खुळखुळतो.

सर्दीच्या थेंबांचा रोख अल्फाकडे. झायलोमेटाझोलिनने नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि नाक सुटतं. पण हे थेंब चार-पाच दिवसांवर लांबवले की औषधाचा जोर उतरताच नाक पहिल्यापेक्षा घट्ट चोंदतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. महिनोन्‌महिने बाटली खिशात घेऊन फिरणारी माणसं या फेऱ्यात सापडलेली असतात.

कधीकधी मात्र सगळे रिसेप्टर एकदमच हवे असतात. मधमाशी चावून किंवा पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी येऊन अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनच वाचवतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी ॲम्प्यूल. अल्फा रक्तदाब सावरतात, बीटा श्वास मोकळा करतात. इथे आधी दुसरं काही देऊन बघत बसणं जिवावर बेततं.

आणि हीच यंत्रणा आवरेनाशी झाली तर काय होतं, ते कोकणाने पाहिलं आहे. लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा बंदच होऊ देत नाही. तंतू निरोप पाठवतच राहतात, रक्तात ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येतो. रुग्ण घामाने निथळतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध पंप करता करता हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. महाड परिसरात अशी माणसं, त्यातही लहान मुलं, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जात होती.

डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत. पूर अडवता येत नाही, तर निदान अल्फा तरी झाकून टाकावेत, असा विचार त्यांनी केला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अनुभव छापला. मृत्यूंचं प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास उतरलं. पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला उठू द्यायचं नाही, आडवंच ठेवायचं. दर तीन तासांनी गोळी पुन्हा द्यायची. किती वेळा? त्यासाठी यंत्र लागत नाही. तळपायाला हात लावून बघायचा. घाम सुकला आणि पाय गरम लागले की पुढची गोळी थांबवायची.