सावलीचा वाफा

बागेतील सावली म्हणजे वाया गेलेली जागा, असा समज पुष्कळांचा असतो. भिलाईतील स्मृति नगरासारख्या वसाहतीत घराच्या उत्तरेकडील पट्टी किंवा आंब्याखालची भुई याच समजुतीने मोकळी सोडली जाते. वास्तविक, एकदा लावल्यावर अनेक वर्षे टिकणाऱ्या कित्येक वनस्पतींना अशीच जागा मानवते. मात्र प्रथम सावलीची परीक्षा केली पाहिजे.

भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात दिवसभर छायेत राहणाऱ्या उत्तर भिंतीवर जूनमध्ये ऊन येते. थंड देशांत उत्तरेची बाजू दुपारच्या उन्हापासून सुरक्षित असते; तो नियम येथे लागू पडत नाही. म्हणून सावली पाहावयाची ती जानेवारीत नव्हे, तर मे-जूनमध्ये. सकाळी, दुपारी व सायंकाळी छायेच्या कडेवर खुंट्या रोवाव्यात, म्हणजे खरी सावलीची जागा ध्यानात येते.

छायाप्रिय वनस्पतींची पाने सामान्यतः रुंद व पातळ असतात. श्वसनात खर्च होणारे अन्न भरून काढण्यास त्यांना अल्प प्रकाश पुरतो. प्रखर उन्हात मात्र हीच पाने करपतात. मग मे महिन्यातील ४० अंशांहून अधिक उष्म्यात त्या तग कशा धरतात? याचे उत्तर छत्तीसगडच्या सालवनात मिळते. तेथे हळदीच्या कुळातील तिखूर उगवते. पावसाळ्यात तिची पाने वाढतात, हिवाळ्यात ती वाळतात आणि उन्हाळ्यात जमिनीखालील कंद निद्रिस्त असतो. याच कंदाच्या सत्त्वास आपण तवकील म्हणतो. सोनटक्का, भुईचाफा आणि पेव या तिच्याच नात्यातील वनस्पती होत. भुईचाफ्याची सुगंधी फुले तर पाने येण्यापूर्वीच भुईतून वर येतात.

पहिल्या पावसानंतर एकदोन डोळे असलेले कंद सुमारे ५ सेंटिमीटर खोल व ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. परिसरातील कन्हार ही काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते व कंद कुजतात. म्हणून तीत वाळू व कुजलेला पाला मिसळून वाफा थोडा उंच करावा. झाडाच्या बुंध्यापासून मीटरभर दूर राहावे. त्याची जाड मुळे तोडू नयेत. कंद रानातून खणून आणू नयेत. तशाने रानातील वनस्पती नष्ट होते. ते रोपवाटिकेतूनच घ्यावेत.

हिवाळ्यात पाने पिवळी पडली की पाणी कमी करावे. झाड मेले असे समजून पुष्कळ जण या वेळी वाफा खणून टाकतात व वर्षाची मेहनत गमावतात. तेथे नावाची पाटी लावून वर पाला पसरावा. पावसाबरोबर कोंब पुन्हा डोके वर काढतील.