दीपनगर ते मस्कत : दीड तासाचे अंतर

भुसावळच्या औष्णिक विद्युत केंद्राची दीपनगर ही वसाहत सोडून जे कुटुंब मस्कतला बिऱ्हाड करते, त्याच्या दिनक्रमाला दोन घड्याळे लागतात. कारण तेथील वेळ भारताहून दीड तास मागे, आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्याने रविवारी, इकडे साऱ्यांना फुरसत असते तेव्हा, नातवंडे शाळेत असतात. निवास-परवान्याच्या मुदतीची तजवीज ही नित्याचीच बाब. मला अधिक मोलाचे वाटते ते स्वयंपाकघर : कळण्याचे पीठ आणि उन्हात वाळवलेल्या बिबड्या सामानातून जपून नेल्या जातात, मात्र 2016 साली भौगोलिक मानांकन लाभलेले जळगावचे भरताचे वांगे, कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजताना दरवळणाऱ्या त्या धुरकट गंधासह, खानदेशातच राहते.