कंदीलमासे आणि शंकराचे दहा हात

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे कोडिंग शिकणाऱ्या मुलांनी नाताळच्या गोष्टीत गुंफलेली कोडी सोडवत बसावे का? एरिक वास्टल या अमेरिकी प्रोग्रामरने २०१५ साली सुरू केलेली ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ ही कोडी दर डिसेंबरात येतात. पहिला भाग सुटला की दुसरा उघडतो, आणि खरी मेख असते ती दुसऱ्यात. २०२१ चे सहावे कोडे घ्या. एक कंदीलमासा दर सात दिवसांनी एका पिल्लाला जन्म देतो. नव्या पिल्लाला पहिल्या खेपेस दोन दिवस जास्त लागतात. नमुन्यातल्या पाच माशांचे ८० दिवसांत ५,९३४ होतात. प्रत्येक माशाची नोंद ठेवूनही हे उत्तर सहज निघते. दुसरा भाग विचारतो, २५६ दिवसांनी किती? उत्तर २,६९८ कोटींच्या घरात जाते आणि साध्या लॅपटॉपची मेमरी यादी भरता भरताच संपते.

इथे वेगवान यंत्र नव्हे, वेगळा विचार कामी येतो. पिल्लाला किती दिवस बाकी, एवढ्यावरून सारे मासे शून्य ते आठ अशा नऊ घरांत बसतात. रोज प्रत्येक घरातली संख्या एक घर खाली सरकवायची. शून्यातली संख्या सहाच्या घरात मिळवायची आणि तेवढीच आठच्या घरात ठेवायची. संपले! मग ‘गोष्टीचे सोंग कशाला, सरळ गणित द्या’ असे कुणी म्हणेल. पण फाफटपसाऱ्यातून कामाचे तेवढे वेचणे हेच तर प्रोग्रामरचे काम. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त गणित असेच गोष्टीत गुंफले. पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ अशा दहा वस्तू शंकराच्या दहा हातांत अदलून-बदलून दिल्या तर रूपे किती? ३६,२८,८००. ती एकेक मांडायची नसतात. एक ते दहा यांचा गुणाकार पुरतो. आणि हा वारसा जवळचाच आहे: कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथलाच.

दुसरा आक्षेप ताजा आहे: एआय हे क्षणात सोडवते. खरे आहे. पण एआयने दिलेला कोड ८० दिवसांना चालून २५६ ला का कोलमडतो, हे ओळखायला तीच नजर लागते. या कोड्यांमधली वेगाची जागतिक क्रमवारी २०२५ पासून बंदच झाली. शर्यत संपली, सराव उरला. तेव्हा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी वहीत नऊ घरे आखा. ३, ४, ३, १, २ असे दिवस बाकी असलेले पाच मासे घेऊन अठरा दिवस मोजा. उत्तर २६ यायला हवे.