पुठ्ठ्याचा हत्ती का बसला?



घरातली रिकामी खोकी रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहा. साबणाचे खोके म्हणजे हत्तीचे धड, काड्यापेटी म्हणजे डोके, पार्सलावरच्या खाकी कागदाची सुरळी म्हणजे सोंड आणि सुतळीचा तुकडा म्हणजे शेपूट! माझ्या सातवीतल्या पुतणीने असाच एक हत्ती केला. खाकी कागदाचा एकच वेढा देऊन चिकटवलेल्या चार नळ्या हे त्याचे पाय. प्रत्येक पाय २ सेंटीमीटर व्यासाचा आणि ५ सेंटीमीटर उंचीचा. पंख्याच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून तिने धडात कोरडी वाळू भरली. हत्ती टेबलावर दिमाखात उभा राहिला.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने त्याचा मोठा भाऊ करायचे ठरवले. प्रत्येक माप बरोबर तिप्पट घेतले. धडासाठी बुटांचे खोके कापले, पायांच्या नळ्या ६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि १५ सेंटीमीटर उंचीच्या केल्या. कागद तोच, वेढाही एकच. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी वाळू भरली, हत्ती उभा केला, आणि चारही पाय चुरगळून तो खाली बसला.

"काका, मापे तर सगळी बरोबर होती!" ती रडवेली होऊन म्हणाली.

तिची मापे खरोखरच बरोबर होती. मग चुकले कोठे? आपण हिशेब करून पाहू या.

धाकट्या हत्तीचे धड ८ सें.मी. लांब, ५ सें.मी. उंच आणि ४ सें.मी. रुंद होते. म्हणजे घनफळ १६० घन सेंटीमीटर. त्यात सुमारे अडीचशे ग्रॅम वाळू मावली. मोठ्या हत्तीत किती मावेल? तिप्पट, म्हणजे पाऊण किलो, असे तुमच्या मनात आले असेल. थांबा. काड्यापेट्या घेऊन एक मोठी काड्यापेटी रचा, लांबीत तीन, रुंदीत तीन, उंचीत तीन. आता त्या मोजा. ३ × ३ × ३ = २७! माप तिप्पट झाले की घनफळ २७ पट होते. मोठ्या हत्तीच्या पोटात पाऊण किलो नव्हे, तर जवळजवळ पावणेसात किलो वाळू गेली होती.

आता पायांकडे वळू. नळी पोकळ आहे. सारा भार पेलते ती कागदाची गोल कड. या कडेचे क्षेत्रफळ म्हणजे नळीचा परीघ गुणिले कागदाची जाडी. परीघ तिप्पट झाला, पण कागद तोच राहिला. म्हणून भार पेलणारे क्षेत्रफळ फक्त ३ पट वाढले. भार २७ पट आणि क्षेत्रफळ ३ पट, म्हणजे कडेच्या प्रत्येक भागावर पूर्वीच्या ९ पट भार आला. शिवाय नळी जितकी रुंद आणि तिची भिंत जितकी पातळ, तितकी ती भिंत आत किंवा बाहेर वाकून लवकर चुरगळते. पाय कोसळले यात नवल नाही.

यावर उपाय याच हिशेबात आहे. कडेचे क्षेत्रफळ आणखी ९ पट वाढवायचे, म्हणजे कागदाचे एकावर एक ९ वेढे द्यायचे. पुतणीने खाकी कागदाच्या पट्ट्या जोडल्या, प्रत्येक वेढ्याला खळ लावली आणि पाय रात्रभर वाळू दिले. सकाळी हत्ती उभा राहिला आणि प्रदर्शनालाही गेला. त्याच्याशेजारी तिने चुरगळलेला एक पाय आणि हा हिशेब मांडला. लोक हत्तीपेक्षा त्या पायापाशीच अधिक वेळ थांबत होते.

कोणी म्हणेल, कागदाची जाडीही तिप्पट केली असती तर? मग कडेचे क्षेत्रफळ ९ पट झाले असते. पण वजन २७ पटच! म्हणजे तरीही प्रत्येक भागावर तिप्पट भार आलाच असता. सर्व मापे सारख्या प्रमाणात वाढवली, की वजन नेहमीच पायांच्या ताकदीच्या पुढे धावते.

ही गोष्ट गॅलिलिओने ओळखली होती. नजरकैदेत असताना त्याने लिहिलेले 'दोन नवी शास्त्रे' हे पुस्तक १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले. त्यात त्याने हाडांचे एक चित्र दिले आहे. एक लहान हाड, आणि त्याच्याजवळ तिप्पट लांबीचे दुसरे. मोठ्या प्राण्यात हे दुसरे हाड लहान हाडाइतकेच काम देण्यासाठी ते तिपटीपेक्षा पुष्कळच जाड असावे लागेल, हे त्याला दाखवायचे होते.

आता खऱ्या हत्तीचे चित्र काढून पाहा. त्याचे पाय खांबासारखे जाड आणि सरळ असतात. हरणाचे पाय मात्र काटकुळे असतात. हरीण हत्तीएवढे मोठे करून त्याचे पाय त्याच प्रमाणात ठेवले, तर पुतणीच्या हत्तीसारखीच त्याची गत होईल. उंदीर टुणकन उडी मारतो, पूर्ण वाढलेला हत्ती मात्र उडी मारत नाही, यामागेही हेच गणित आहे.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातला एखादा पुठ्ठ्याचा प्राणी कोसळला, तर लगेच डिंकाची बाटली पुढे करू नका. आधी मोजपट्टी आणि तराजू मागवा.

आणि मित्रहो, तुमच्यासाठी एक प्रश्न. धाकट्या हत्तीची सर्व मापे दुप्पट केली, तर त्याच कागदाचे किती वेढे द्यावे लागतील? आधी वहीत उत्तर काढा, मग खोके, कागद आणि वाळू घेऊन ते पडताळून पाहा.