पत्रकारितेत एम.ए. करायचंय? आधी पेपर कुठल्या भाषेत ते विचारा

बेळगाव : पदवीचे निकाल लागले की एक फोन हमखास येतो, "पत्रकारितेत एम.ए. करायचंय, कुठं करू?" विचारणारा खानापूरचा असो की निपाणीचा, त्याने विद्यापीठांची यादी काढलेली असते, फीची चौकशीही झालेली असते. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहायची, हे मात्र विचारलेलं नसतं. आपल्या भागातली मुलं नेमकी तिथंच अडतात.

पात्रतेची फार काळजी नको. बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मी स्वतः कॉमर्सचा. पालिकेचं बजेट आणि सोसायट्यांचे ताळेबंद वाचताना त्याचा उपयोगच झाला.

बेळगावहून जवळ म्हणजे धारवाड, साधारण ७५ ते ८० किलोमीटर. तिथल्या कर्नाटक विद्यापीठात पत्रकारितेचा जुना विभाग आहे, घरून ये-जाही जमू शकते. पण तिथे कन्नड किंवा इंग्रजी. मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजी घेतो आणि दोन वर्षं विषयापेक्षा भाषेशीच झगडतो. मराठीत शिकायचं तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ सुमारे ११० किलोमीटरवर आहे. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथे १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतात. मात्र पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च फीपेक्षा जड जातो, हे घरी आधीच बोलून घ्यावं.

पुण्यातच आणखी एक घोटाळा होतो. विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा वेगळा विभाग आहे. नाव सारखं वाटतं, काम वेगळं. तिथे व्हिडिओ निर्मिती, चित्रपट, माध्यम संशोधन यावर भर आणि शिक्षण मुख्यतः इंग्रजीत. बातमीदार व्हायचं असेल तर रानडे. कॅमेरा, एडिटिंग किंवा संशोधन करायचं असेल तर गणेशखिंड.

आता कन्नडबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला, तेव्हापासून इथली मराठी पत्रकारिता टिकून आहे. पण आज इथं बातमीदारी करायची तर तहसीलदारांचा आदेश, पोलिसांचा एफआयआर, पालिकेचा अजेंडा सगळं कन्नडमध्ये येतं. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, एफआयआर वाचता आला नाही तर बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनच लिहावी लागते. म्हणून एम.ए. मराठीतून करा आणि कन्नड वाचण्याइतपत पक्कं करा, असंच मी सांगतो. दोन्ही लिपी सहज वाचणारी मुलं इथल्या कचेऱ्यांना हवीच असतात.

डिप्लोमा की एम.ए., हा पुढचा प्रश्न. अमरावतीच्या आयआयएमसी केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू झाला, त्याने अनेकांना लवकर कामाला लावलं. पण पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर डिप्लोमा पुरत नाही. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेट द्यायची तर पदव्युत्तर पदवीच लागते, खुल्या गटाला ५५ टक्क्यांसह. कालावधीचं म्हणाल तर कर्नाटकाने २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी परत आणली, त्यामुळे इथल्या मुलांना एम.ए.ला दोन वर्षं धरूनच चालावं लागेल.

इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या वाचकांसाठी: तिन्ही शहरांतल्या विद्यापीठांत हे शिक्षण आहे, पण मराठीतून नाही. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या प्रवेशासाठी सीयूईटी पीजी द्यावी लागते.

शेवटी कागदपत्रं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत ८६५ सीमागावांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. तो पत्रकारितेलाही आपोआप लागू होईल असं धरून पालक निवांत बसतात. विद्यापीठांच्या विभागांचे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या नियमांनी होतात. परराज्यातल्या विद्यार्थ्यांना जागा किती आणि फी किती, हे माहितीपत्रकात बघा. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागल्याबरोबर मागा. आणि विभागात फोन कराल तेव्हा गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागून घ्या, भाषेचं उत्तर त्यातच मिळेल.