युनिकोड वर्णवर्गीकरण

युनिकोड वर्णवर्गीकरण म्हणजे संगणकीय मजकुरातील एखादे चिन्ह अक्षर, अंक, विरामचिन्ह की अन्य काही आहे, हे युनिकोड मानकातील गुणधर्मांच्या आधारे ठरवण्याची पद्धत होय. हे काम प्रामुख्याने प्रणाली सॉफ्टवेअरमधील लायब्रऱ्या करतात. मजकूर संपादक, शोधयंत्रे आणि संकेतस्थळांवरील अर्ज त्यांच्या उत्तरावर विसंबून असतात. देवनागरीच्या बाबतीत हे उत्तर चुकल्यास शब्द मध्येच तुटतो किंवा शुद्ध लिहिलेले नावही अवैध ठरते.

पार्श्वभूमी

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की मानकात ७ बिटांचे १२८ संकेतांक आहेत. सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील मूळ वर्गीकरण फंक्शने एका वेळी एकच बाइट तपासतात. आस्कीसाठी तेवढे पुरेसे होते. मोठ्या वर्णसंचांसाठीची स्वतंत्र फंक्शने १९९५ च्या दुरुस्तीने सी मानकात आली. भारतीय लिपींसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडच्या संकेतावकाशात ११,१४,११२ जागा असून देवनागरीचा मुख्य विभाग १२८ जागांचा आहे.

संकेतन

केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात, त्याच्या सध्याच्या स्वरूपानुसार, प्रत्येक संकेतांक १ ते ४ बाइटांत साठवला जातो. देवनागरी चिन्हांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द वाचकाला ३ अक्षरांचा दिसतो, परंतु त्यात ५ संकेतांक आणि १५ बाइट असतात. त्यातील ‘म’ हा २२४, १६४ व १७४ या बाइटांनी बनतो. यांपैकी एकट्या बाइटाला स्वतःचा वर्ग नसतो. म्हणून लायब्ररीला प्रथम बाइटांवरून संकेतांक काढावा लागतो आणि मगच वर्गीकरण करता येते.

वर्गीकरणाची रीत

युनिकोडमध्ये प्रत्येक संकेतांकाला ३० सामान्य वर्गांपैकी एक वर्ग दिलेला असतो. ‘क’ हे अक्षर आहे, ‘५’ हा दशमान अंक आहे, तर काना, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही जोडचिन्हे आहेत. सर्व संकेतांकांची सलग यादी स्मृतीत ठेवणे खर्चिक असल्याने लायब्रऱ्या बहुस्तरीय कोष्टके वापरतात. संकेतांकाचा वरचा भाग गट ठरवतो, खालचा भाग गटातील स्थान ठरवतो आणि एकसारखे गट एकदाच साठवले जातात. ही कोष्टके युनिकोडच्या माहितीसंचावरून तयार होतात. त्यामुळे जुन्या लायब्ररीला नव्या आवृत्तीत आलेली चिन्हे अनियुक्त वाटतात.

देवनागरीतील अडचणी

‘हे अक्षर आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे मिळत नाही. पायथन भाषेतील ‘इज-अल्फा’ हे फंक्शन केवळ अक्षरवर्ग ग्राह्य धरते. म्हणून ते ‘घर’ हा शब्द स्वीकारते, पण काना व वेलांटी असलेला ‘मराठी’ नाकारते. युनिकोडचा ‘वर्णमालीय’ हा गुणधर्म वापरल्यास मात्रा स्वीकारल्या जातात, मात्र हलन्ताला तो गुणधर्म नसल्याने ‘शब्द’ हा शब्दच ‘ब’ नंतर तुटतो. ग्नू सी लायब्ररीत देवनागरी अंक अंकवर्गात न येता अक्षरवर्गात येतात, कारण सी मानकानुसार अंकवर्गात आस्कीतील दहाच अंक येतात.

मराठीतील अर्धा र हे याचे आणखी एक उदाहरण होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. दुसरा शब्द ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, तसाच र, हलन्त व अदृश्य शून्यरुंदी जोडक यांच्या साहाय्यानेही लिहिता येतो. हा जोडक ‘स्वरूप नियंत्रण’ वर्गात मोडतो. त्या वर्गातील चिन्हे निरुपयोगी समजून गाळल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि अर्थ बदलतो.

यामुळे देवनागरी मजकूर तपासताना अक्षरांबरोबर जोडचिन्हे व आवश्यक तेथे जोडक स्वीकारावे लागतात. वाचकाला दिसणारी अक्षरे मोजण्यासाठी युनिकोडचे अक्षरसमूह ठरवणारे नियम वेगळे आहेत. ते काम केवळ वर्गीकरणाने होत नाही.